सात वाजताची रिंग

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

‘मी ४१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, गेल्या वर्षी जुलैमध्ये गेले. त्याआधी अठरा दिवस दवाखान्यात होते. भाऊ बंगळूरला असतो, तो शेवटच्या दोन दिवसांत पोचला. तिथलं सगळं मीच बघितलं, अण्णांचा मोबाइलसुद्धा तेव्हा माझ्याकडेच होता. आई ६८ वर्षांची, सांगलीला एकटी राहते. वर्षश्राद्ध होऊन महिना झाला, तरी ती यातून बाहेर यायला तयार नाही. अण्णांचा फोन रोज चार्जिंगला लावते, रिचार्ज संपू देत नाही आणि संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या फोनवरून त्यांना रिंग देते. (दुकान वाढवताना अण्णा तिला रिंग द्यायचे, मग ती चहा टाकायची.) कपाटात फोन वाजतो, ती ऐकते आणि चहा टाकायला जाते. त्यांच्या कपड्यांना हात लावू देत नाही. पूर्वी भिशी, भजनीमंडळ, हळदीकुंकू सगळ्यात पुढे असायची, आता कुठे जात नाही. दहाव्याला कावळा शिवत नव्हता तेव्हा भावाने “आईला एकटं ठेवणार नाही” असा शब्द दिला, म्हणून तो घर बंद करून तिला सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने माझ्याकडे ठेवायचं म्हणतोय. मला वाटतं, आधी तो फोन बंद व्हायला हवा. तिला न सांगता सिम बंद केलं तर? तो रिंगटोन ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मी सावरलेय, मी तर रडलेही नाही. आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का?’

ताई,

सिमचं आधी सांगते, कारण हे उत्तर वाचायच्या आत तुम्ही ते करून बसाल की काय अशी धास्ती वाटते. आईला न सांगता नंबर बंद करू नका. बंद झालेला नंबर तसाच पडून राहत नाही, काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. मग एखाद्या संध्याकाळी आई सवयीने रिंग देईल आणि पलीकडून कुणीतरी परका माणूस म्हणेल, ‘हॅलो, कोण पाहिजे?’ त्या क्षणाची कल्पना करून बघा. शिवाय हे तुम्ही केलंत हे तिला आज ना उद्या कळणार. घरातली माणसं आपल्यामागे आपल्याच भल्याचं काहीतरी ठरवतात, हे एकदा कळलं की म्हातारी माणसं पुढचं सांगायची बंद होतात. आज ती तुमच्यासमोर रिंग देते. उद्या दार लावून देईल.

आता आईच्या रिंगबद्दल. तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. फोन वाजतो, ती ऐकते आणि चहा टाकायला जाते, असं तुम्ही लिहिलंय. फोन कुणी उचलेल म्हणून ती थांबत नाही. ‘आज का बरं उचलत नाहीत’ असं विचारत नाही. अण्णा गेले हे तिला पुरतं ठाऊक आहे, तुमच्याआमच्यापेक्षा जास्तच. चाळीसेक वर्षं तिच्या दिवसाला सात वाजता एक खूण होती, ती तिने हलू दिलेली नाही, इतकंच मला यात दिसतं.

आता पितृपक्ष येईल. घरोघरी गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधतील, पान वाढतील, गच्चीवर नेऊन ठेवतील, ‘काव काव’ करतील आणि कावळ्याने आधी भज्याला चोच लावली तर ‘बघ, त्यांना भजीच आवडायची’ म्हणत डोळे पुसतील. त्याला कुणी आजार म्हणत नाही. आईचं पान रोजचं आहे आणि पंचांगात छापलेलं नाही, एवढाच फरक.

‘बाहेर येणे’ हा शब्द तुमच्या पत्रात आहे आणि या विषयावर मला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. जणू दुःख हा खंबाटकीचा बोगदा आहे. एका बाजूने शिरायचं, दिवे लावायचे, दुसऱ्या बाजूने निघायचं, आणि वर्षभरात निघालं नाही तर गाडीत काहीतरी बिघाड. ही कल्पना आली कुठून? थोडी आपल्या दहावा-तेरावा-वर्षश्राद्ध या टप्प्यांतून. थोडी त्या ‘पाच पायऱ्यां’मधून, ज्या आता व्हॉट्सअॅपवर सुविचारांच्या शेजारी फिरतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण दुर्धर आजारात स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या. जाणाऱ्याच्या मनाचा आलेख राहिलेल्याला लावायचा आणि मग ‘आई अजून दुसऱ्याच पायरीवर आहे’ म्हणून काळजी करायची, असं काहीतरी होऊन बसलंय.

मला त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना पटते, कारण ती मी आजूबाजूला रोज बघते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शोकात माणूस पायऱ्या चढत नाही, हेलकावे खातो. एकदा दुःखाकडे, एकदा व्यवहाराकडे. सकाळी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडायचं आणि दुपारी शर्टाची घडी हातात घेऊन बसायचं, एकाच दिवसात. हेलकावा चालू आहे तोवर फारशी चिंता नसते. झोपाळा एका बाजूला अडकून राहिला तर बघावं लागतं. आणि तो दोन्ही बाजूंना अडकू शकतो बरं का. अजिबात रडू न देता नुसतं काम, काम, काम, हीसुद्धा एक बाजूच.

आधी डॉक्टरचं उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर येईल. लांबलेला शोक हे वैद्यकीय निदान आज खरोखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत मोठ्या माणसांसाठी वर्षाची. पण नुसते महिने मोजून ते निदान होत नाही. दिवसचे दिवस तीच तीव्र ओढ किंवा वेदना, रोजचं जगणं मोडून पडलेलं, आणि हे सगळं त्या समाजाच्या रीतीच्या कितीतरी पलीकडे गेलेलं, असं पाहावं लागतं. म्हणून फोन बाजूला ठेवा आणि बाकीचं बघा. ती जेवते का? ब्लाउज ढिले झालेत का? बीपीची गोळी घेते का, की ‘आता कशाला’ म्हणून पाकीट तसंच पडलंय? झोप किती? आंघोळ, वेणीफणी, दूधवाल्याचा हिशेब? कुठल्या गोष्टीवर ती हसते का? ‘मीच कमी पडले, माझ्यामुळेच गेले’ हे एकच पालुपद चालू असतं का? आणि शेजारणीने दिलेली झोपेची गोळी घेते का, हे नक्की विचारा. आपल्याकडे या गोळ्या विरजणासारख्या घरोघर फिरतात.

आणखी एक. ‘मलाही घेऊन जा’ हे वाक्य आपल्याकडच्या बायका सहज बोलतात, पण आई बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, ‘आई, जगू नये असं वाटतं का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा वरच्यातल्या दोन-चार गोष्टी जुळत असतील, तर मात्र वाट बघत बसू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा (थायरॉइड आणि साखरही एकदा तपासून घ्या, दोन्हींमुळे माणूस मलूल होतं), मग मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हे फक्त आईसाठी लिहीत नाहीये.

यातलं काहीच नसेल, तर आईला ‘दाखवायला’ नेण्याची घाई मला दिसत नाही.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती: ‘आता कुठे जात नाही.’ हे तुम्ही दुःखाचं लक्षण म्हणून लिहिलंय. असेलही. पण तिला बोलावतं कोण? संक्रांतीला तुमच्या गल्लीत हळदीकुंकू झालंच असणार. तिच्या दारात बोलावणं आलं? चैत्रात? श्रावणातल्या शुक्रवारी? चाळीस वर्षं जिने वाण लुटलं त्या बाईला एका जुलैनंतर कुणी तोंडाने ‘येऊ नका’ म्हणत नाही. नुसतं सांगायला येत नाहीत. आणि ती स्वतःही ‘कशाला उगाच कुणाला अवघड’ म्हणून पाय मागे घेते. लांब पुण्यात बसून बघणाऱ्या मुलीला ते कोशात जाणं वाटतं. तुमच्या सांगलीपासून फार लांब नाही ते हेरवाड, शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ठरावाने सगळं बदलतं असं मी म्हणत नाही. पण एका गावाला हे मोठ्याने म्हणावंसं वाटलं, यावरून बाकी ठिकाणी काय चालतं ते समजा.

भिशीचं कारण तर कदाचित याहूनही साधं असेल. तिला भिशीला कोण सोडायचं? मला दिसतंय ते असं: अण्णांची स्कूटर, मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली आई, आणि परत आणायची वेळ ठरलेली. खात्री करून घ्या. तसं असेल तर ते दुःख रिक्षावाला लावून देण्याने निम्मं हलकं होईल. ओळखीचा एक ठरवा, महिन्याचे पैसे तुम्ही द्या. आणि तिच्या एखाद्या जुन्या मैत्रिणीला तुम्हीच फोन करा, ‘काकू, आईला घेऊन जात जा, ती आपणहून येणार नाही.’ पुढच्या संक्रांतीला तुम्हीच सांगलीच्या घरात तिळगूळ ठेवा, आईला पहिली बसवा, कुंकवाची कोयरी तिच्याच हातात द्या. कुणाला अवघड वाटलं तर वाटू दे.

भावाबद्दल तुम्ही थोड्या रागाने लिहिलंय. त्याची बाजू घेत नाही, पण कृष्णेच्या घाटावरची ती सकाळ आठवा. पिंड ठेवलाय, कावळे झाडावर बसलेत, खाली उतरत नाहीत. गुरुजी घड्याळ बघतात. नातेवाईक एकेक सुचवतात, ‘अमक्याचं लग्न करू म्हणा’, ‘दुकान चालवू म्हणा’. आणि अठरा दिवसांपैकी सोळा दिवस जो नव्हता तो मुलगा सगळ्यांसमोर हात जोडून म्हणतो, ‘अण्णा, आईला एकटं ठेवणार नाही.’ कावळा येतो. आता तो मुलगा त्या वाक्याला बांधला गेलाय. तुम्हाला तो घर आवरायची घाई करणारा व्यवहारी माणूस दिसतो, मला तो शब्द पाळू न शकलेला, घाबरलेला माणूस दिसतो. त्याचाही शोक चालूच आहे, फक्त तो ‘सहा महिने इथे, सहा महिने तिथे’ अशा वेळापत्रकाच्या रूपात आहे. त्याला एवढंच विचारा, ‘एकटं ठेवणार नाही’ म्हणजे ‘घर सोडायला लावीन’ असंच होतं का? त्याने रोज रात्री फोन करणं, दर दोन महिन्यांनी चार दिवस येऊन राहणं, रात्रीला सोबत म्हणून एखादी मुलगी ठेवणं, हेही त्या शब्दात बसतंच की.

घर बंद करण्याचा निर्णय निदान वर्षभर पुढे ढकला, आणि घ्याल तेव्हा आई खोलीत असू द्या. नवरा गेलेल्या बाईचं घर, गल्ली, देवळाची वाट आणि भाजीवाली एकदम काढून घेतली तर ती पुण्याच्या सातव्या मजल्यावर तुमच्या ऑफिसातून येण्याची वाट बघत बसेल. जाता जाता: घर अण्णांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात आईचा तुम्हा दोघांइतकाच हक्क आहे. ‘नंतर कटकट नको’ म्हणून या दिवसांत तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नका. कुणी आणलं तर हातचा चहा खाली ठेवून नाही म्हणा.

आता तुम्ही. ‘मी सावरलेय, मी तर रडलेही नाही.’

न रडणं हा आजार नाही. पुष्कळ माणसं फार कोसळत नाहीत आणि पुढे बरी असतात. त्यामुळे ‘आत काहीतरी साचलंय’ असं मी तुमच्यावर लादणार नाही. पण तुमच्याच पत्रात दोन वाक्यं लांब लांब पडली आहेत, ती मी शेजारी ठेवते: दवाखान्यात अण्णांचा फोन तुमच्याकडे होता. आणि तो रिंगटोन ऐकला की तुमच्या पोटात गोळा येतो.

मी चुकत असेन तर सोडून द्या. पण आईसाठी तो रिंगटोन म्हणजे दुकान वाढवलं, आता चहा. तुमच्यासाठी तो अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक असणार. अठरा दिवस तो फोन तुमच्या पर्समध्ये वाजत होता. व्यापारी, मामा, दुकानातला पोऱ्या, ‘कसं आहे आता?’ आणि प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि शेवटी सगळ्यांना ते दुसरं सांगायचं. बरोबर ना? म्हणजे सात वाजता एकाच घरात एकच फोन वाजतो आणि आई दुकानाशी जाते, तुम्ही दवाखान्यात. फोन बंद करायची गरज मग नेमकी कुणाला आहे?

मला माझ्या आईनंतर तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कामंच इतकी होती. चार महिन्यांनी मंडईत शेजारच्या बाईने गवारीची शेंग हातात घेऊन मध्ये मोडली, कोवळी आहे का बघायला, आई अगदी तशीच मोडायची, आणि मी पिशवी खाली ठेवून भर मंडईत हमसून रडले. गवारवालीने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंतर फार मोकळं वगैरे वाटलं असंही नाही, सर्दी झाली. पण आपल्याला वेळ असेल तेव्हा ते येत नाही एवढं कळलं.

तर पुढच्या खेपेला सांगलीला जाल तेव्हा सात वाजायच्या आत आईजवळ बसा आणि तिला ते अठरा दिवस सांगा. ती बहुतेक काळ घरी होती, तिला तिथलं फारसं माहीतच नसेल. तुम्ही तिला त्रास नको म्हणून सांगितलं नाहीत, तिने तुम्हाला त्रास नको म्हणून विचारलं नाही. अण्णा शेवटी काय बोलले, पाणी कुणी पाजलं, तुम्ही कुठे झोपायचात. रिंगटोन ऐकवत नाही हेही सांगा. ‘बंद कर’ म्हणू नका, ‘मला असं होतं’ एवढंच. ती आपणहून म्हणेल, तू असशील तेव्हा नाही देत. किंवा नाही म्हणणार. दोन्ही चालेल.

कपड्यांची घाई नाही. तिने कपाट उघडलं त्या दिवशी सुरुवात, तिच्या हाताने, एका फळीपासून. तुमच्या भागात जुन्या कपड्यांची वाकळ शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. अण्णांच्या सुती शर्टांची आणि धोतरांची एक वाकळ होईल, आईची हरकत नसेल तर. नसेल जमत तर राहू देत फळीवर, कपाटाला काय ओझं होतंय.

आणि फोनचं एक काम तुम्ही खरंच करा, तिला सांगून. त्यातले अण्णांचे फोटो आणि आवाजाचे मेसेज दोन ठिकाणी उतरवून घ्या. रिचार्ज तुमच्या मोबाइलवरून लावून टाका म्हणजे तिची तारीख चुकणार नाही. जुना फोन वर्षभर रोज चार्जिंगला लागतोय, तोही कपड्यांच्या कपाटात. मागचं झाकण वर आलंय का, बॅटरी फुगलीय का ते बघा, आणि तसं असेल तर सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. रिंगटोन कुठला ठेवायचा ते आईला विचारा.